माळ गळ्यात पडते तेव्हा

सौंसरजवळच्या जामसावळीला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. मंगळवारी आणि शनिवारी तिथे छिंदवाड्याहून, नागपूरहून, बैतूलकडून माणसे येतात. कुणाच्या घरात दुखणे असते, कुणाच्या मुलीचे लग्न अडलेले असते, कुणाची संत्र्याची बाग डोळ्यांदेखत वाळत चाललेली असते. हात जोडून माणूस तिथे जे बोलतो तो बहुतेक वेळा करारच असतो. माझे एवढे काम कर, मी तुझे एवढे करीन. या नवसात लाज वाटण्यासारखे काही नाही. अडलेल्या माणसाने देवाकडे जाऊ नये तर कुणाकडे जावे?

पण नवसाला शेवट असतो. काम झाले, नारळ फुटला, पंगत उठली, नवस फिटला. देव मोकळा आणि माणूसही मोकळा. पुढच्या अडचणीपर्यंत दोघांची गाठ पडेलच असे नाही.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत देवाशी दुसऱ्या तऱ्हेनेही नाते जोडले जाते. ते माळकऱ्याचे. इथे अटी माणूस घालत नाही, देव घालतो. तुळशीची माळ घालून घेणाऱ्याला कसलेही आश्वासन मिळत नाही. दुखणे बरे होईल, बाग तगेल, मूल होईल असे कुणी सांगत नाही. उलट त्याच्याकडूनच शब्द घेतला जातो. मांसमच्छी आणि दारू आजपासून बंद. एकादशी चुकवायची नाही. रोज हरिपाठ म्हणायचा. वर्षातून एकदा तरी पंढरीला जायचे. खोटे बोलायचे नाही, परस्त्री आईसारखी. माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात, मग गळ्यात घालतात, आणि त्या क्षणापासून माणूस देवाचा बांधील होतो.

या बांधिलकीकडे बाहेरून पाहणाऱ्याला त्यात फक्त बंदी दिसते. हे खायचे नाही, ते प्यायचे नाही, अमक्या दिवशी उपास. शिकलेल्या घरांतली तरुण मुले विचारतात की भाव खरा असेल तर नियम कशाला हवेत? देव काय ताटात डोकावून बघतो? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला चिडून उत्तर देणे चूक ठरेल. उत्तर माळकऱ्याच्या रोजच्या जगण्यातच सापडते, म्हणून तेच जरा नीट पाहायला हवे.

एकादशी महिन्यातून दोनदा येते. वर्षाच्या चोवीस, अधिक महिना आला की सव्वीस. ती आपल्या सोयीने येत नाही. ऐन कापूस वेचणीत येते, लग्नाच्या धामधुमीत येते, तालुक्याच्या कचेरीत दिवसभर खेटे घालायचे असतात त्या दिवशीही येते. कडक पाळणारा दशमीला एकच वेळ जेवतो आणि द्वादशीला पारणे करतो, म्हणजे एका उपासाच्या मागेपुढे तीन दिवस गुंततात. दुपारच्या भाकरीची वेळ होते, बाकीच्या मजुरांची शिदोरी सुटते, आणि माळकरी बाई धुऱ्यावर बसून शेंगदाणे नाहीतर सकाळची साबुदाण्याची उसळ खाते. त्या घटकेला तिला विठोबा आठवावाच लागतो. मुद्दाम ध्यानाला बसावे लागत नाही. भूक आठवण करून देते. तिच्या मनात त्या दिवशी भाव असेलही, नसेलही. सासूशी भांडण झाले असेल, सावकाराचा निरोप आला असेल. भाव येतो आणि जातो, माणसाच्या हातात तो फारसा नसतो. नियम मात्र भाव आटलेल्या दिवशीही तिला देवाच्या दारात उभे करतो. नाते टिकते ते असल्या कोरड्या दिवसांतच. दर सप्ताहात कीर्तनाला डोळे पाणावणारे पुष्कळ असतात. बुधवारी दुपारी, कुणी बघत नसताना, समोर आलेले ताट बाजूला सारणारे थोडे असतात, आणि त्यांची देवाशी ओळख अधिक जवळची असते.

माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत तोंडात पाणी न घेणारे जुने वारकरी अजून भेटतात. बाहेरच्याला हा अतिरेक वाटेल. त्यांना तो वाटत नाही, कारण त्या काही घटकांत त्यांना खरोखर तुटल्यासारखे होते. वर्षानुवर्षे पाळलेल्या शब्दानेच देव इतका जवळचा होतो.

पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख कागदावर मध्य प्रदेशात आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मागे राहिला आणि त्याच्यासोबत हे मराठी गावपट्टेही. 2023 साली दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी झाली, तरी ओवी-अभंग मराठीत राहिले.

आज्ञेतून देवाशी नाते कसे घडते याचा सर्वांत खोल विचार मराठीत झाला तो इथून फार लांब नाही. सीमा ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेले की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागते. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहत होते. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी त्यांना गुरू मानत. चक्रधरांनी महाराष्ट्रभर पायी फिरून मराठीत उपदेश केला, आणि मग ते शिष्यांना मागे ठेवून उत्तरेकडे निघून गेले. महानुभावांसाठी चक्रधर म्हणजे केवळ संत किंवा गुरू नव्हेत, साक्षात परमेश्वराचा अवतार. तेव्हा या घटनेचा अर्थ भयंकर होता. देव समोर होता, त्याच्याशी बोलता येत होते, त्याच्यासोबत चालता येत होते, आणि आता तो नाही.

अशा वेळी भक्ताने काय करायचे? नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट या शिष्यांनी दिलेले उत्तर अजोड आहे. मूर्ती घडवून तिच्यापुढे रडत बसण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. स्वामी जे बोलले ते त्यांनी गोळा करायला घेतले. म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याच तोंडून मिळवले, आणि लीळाचरित्र तयार झाले. केशिराजबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ बांधला. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण आचाराची वचने वेगळी आहेत. कसे राहायचे, कुठे भिक्षा मागायची, कुणाला दुखवायचे नाही, स्मरण कसे करायचे. मुंगीलाही इजा होऊ नये इतकी अहिंसा. चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागायची, चांगले घर बघून नाही. आपला गाव, आपली माणसे, आपला मान यांच्यापासून दूर राहायचे.

भिक्षेची आज्ञा पाळणारा संन्यासी ब्राह्मणाच्या घरचे आणि शूद्राच्या घरचे अन्न एकाच झोळीत घेत होता. झोळी पुढे करताना त्याच्या जातीचा ताठा रोज थोडा थोडा मोडत होता. स्वामी समोर असते तर त्यांनी हेच घडवले असते. स्वामी नव्हते, त्यांचे सांगणे होते, आणि ते सांगणेच सोबतीचे काम करत होते. परमेश्वराच्या वियोगात त्याची आज्ञा हीच त्याची जवळीक, असे आचरून दाखवणारे हे लोक सातशे वर्षांपूर्वीचे मराठी लोक होते याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, ते योग्यच झाले. भाषेचा पहिला मोठा गद्यग्रंथ तिथल्या भक्तांच्या या कासाविशीतून आला.

चक्रधरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्यांची आज्ञा कित्येकदा रूढीच्या थेट विरुद्ध जाते. मासिक पाळीच्या विटाळाची भीती बाळगणाऱ्या शिष्येला त्यांनी समजावले की शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ जातात तसाच हाही एक, त्याने कुणी अपवित्र होत नाही. स्त्रियांना संन्यास आणि मोक्ष दोन्हींचा अधिकार त्यांनी दिला. समाज जे देवाच्या नावाने सांगत होता आणि देव जे सांगत होता, त्यांत अंतर पडू शकते, हे त्या शिष्येला त्या दिवशी कळले असेल. हा मुद्दा पुढे पांढुर्ण्यातच पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पोथी हरवली, भाषा विसरली तरी एखादी आज्ञा माणसांना देवाशी किती काळ बांधून ठेवू शकते याचे उदाहरण कोकणात आहे. रायगड जिल्ह्याच्या गावांत बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळत राहिले. ते मराठी बोलत, मराठी पद्धतीने नेसत-खात, आणि कित्येक पिढ्या त्यांच्याकडे हिब्रू शास्त्रग्रंथ नव्हते. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला. त्यांच्याकडे उरले होते मोजकेच. मुलांची सुंता, खाण्यातले काही निषेध, एक छोटी प्रार्थना, आणि शनिवारी काम न करण्याची आज्ञा. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. रविवारी, सोमवारी ते इतर तेल्यांसारखेच दिसत. शनिवारी थांबलेला घाणा त्यांना आणि शेजाऱ्यांनाही सांगत होता की ही माणसे कुणाची तरी आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात शास्त्र पुन्हा हाती आले, वल्हांडण सणाची प्रार्थना मराठीत छापली गेली. पण मधल्या त्या लांब काळात देवाची ओळख जपली ती आठवड्याच्या एका दिवसाने.

जवळच्या काळातले उदाहरण नागपूरचे आहे. बाबा जुमदेव ठुब्रीकर (1921–1996) यांनी परमात्मा एक या नावाने जो मानवधर्म सांगितला, त्याचे सेवक नागपूर-भंडाऱ्यापासून मध्य प्रदेशापर्यंत आढळतात. या मार्गाची ताकद त्याच्या थोडक्या नियमांत आहे. एकच भगवंत मानायचा. घरात सत्य, मर्यादा आणि प्रेम ठेवायचे. दारू, जुगार, सट्टा यांसारखी व्यसने सोडायची. कुटुंबात एकी ठेवायची. कुटुंब मर्यादित ठेवायचे. यातल्या बहुतेक साऱ्या आज्ञा घराच्या उंबऱ्याच्या आतल्या आहेत. कष्टकरी वस्तीत त्याचा अर्थ काय होतो हे तिथल्या बायकांना विचारावे. मजुरी भट्टीकडे वळायची ती घरी येऊ लागते, संध्याकाळी शिव्यांऐवजी प्रार्थना ऐकू येते. सेवकांनी पुढे सहकारी बँकही काढली. वाचलेल्या पैशाला जागा हवी होती, ती झाली.

इथे कुणी म्हणेल की हे दारूबंदीचे समाजकार्य झाले, देवाशी नाते कुठे आले? ते असे की दारू सोडणाऱ्याने ती डॉक्टरांना, बायकोला, पंचायतीला याआधी कितीदा शब्द देऊन पुन्हा घेतलेली असते. भगवंताला दिलेला शब्द मोडताना हात थांबतो, कारण तिथे फसवायला कुणी उरत नाही. एकांतात पेला समोर असताना जो थांबतो त्याला त्या क्षणी देवाचे अस्तित्व कुणी पटवून द्यावे लागत नाही. अर्थात कोणत्याही पंथात नियम पाळला की दवाखान्याची गरज नाही असे आजारी माणसाला सांगितले जात असेल, तर तो देवाच्या नावावर केलेला घात आहे आणि तो स्पष्ट शब्दांत नाकारला पाहिजे. आज्ञा माणसाच्या वागण्यासाठी असते, क्षयरोगाच्या गोळ्यांऐवजी नसते.

नियमांचा दुसरा धोका जुना आहे आणि संतांनीच तो वारंवार दाखवून दिला आहे. माळ घातलेला माणूस माळ न घातलेल्याला हलके लेखू लागतो. एकादशी करणारी सासू न करणाऱ्या सुनेला धारेवर धरते. असे झाले की आज्ञेचे तोंड आतून बाहेर वळते. ज्याने ती स्वतःसाठी घेतली तो ती दुसऱ्यावर चालवू लागतो, आणि तेव्हाच देवाशी नाते पातळ होते, कितीही उपास केले तरी. म्हणून कोणतीही आज्ञा देवाची आहे की नाही हे ओळखायचे एक साधे माप आहे: ती कुणाकडून किंमत वसूल करते? माळकरी आपली जीभ आवरतो, महानुभाव संन्यासी आपला मान सोडतो, शनवार तेली आपली एका दिवसाची कमाई सोडतो. किंमत पाळणाराच देतो. शेजाऱ्याच्या डोक्यातून रक्त काढणारी गोष्ट या मापात बसत नाही.

आणि इथे पांढुर्ण्याच्या गोटमारीबद्दल बोलणे भाग आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. झाड तोडून झेंडा हाती लागला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात. पळून जाणाऱ्या एका प्रेमी जोडप्यावर दोन्ही गावांनी दगड टाकले, ते नदीतच मेले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. 1955 पासून डझनाहून अधिक माणसे यात मेल्याचे वर्तमानपत्रांतून येत राहिले आहे. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, दगड चालूच राहिले.

गोटमारीचे समर्थन करणारे गावाबद्दल प्रेम असलेलेच लोक आहेत, त्यांना रानटी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. वर्षभर परगावी राबणारा मुलगा या दिवशी गावी येतो, दोन्ही काठांचे लोक आदल्या दिवशीपर्यंत आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकांचे सोयरे असतात, जखमेला देवीचा अंगारा लावतात. हे सारे खरे आहे. पण देवीने हे मागितले आहे का? कोणत्या पोथीत, कोणत्या संताच्या तोंडून, कोणत्या कुळाचारात चंडीमातेने दगड मारा असे सांगितले? कथेतही देवी सांगत नाही. कथेत गावकरी मारतात आणि मागाहून पस्तावतात. प्रथेला देवीचा मान म्हणणे म्हणजे जमावाच्या जोशाला आज्ञेचा दर्जा देणे. खरी आज्ञा एकट्यालाही पाळता येते. एकादशीला गर्दी लागत नाही. गोटमार गर्दीशिवाय एक मिनिटही चालणार नाही.

या भागाला याच बाबतीत मार्ग दाखवणारी दोन माणसे अमरावती जिल्ह्यातच झाली. गाडगेबाबांनी (1876–1956) देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध जत्राजत्रांतून कीर्तने केली. त्यांची दशसूत्री म्हणजे भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शाळा, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावराला अभय, गरीब तरुण-तरुणीचे लग्न, दुःखी माणसाला धीर. दहाही आज्ञा पाळणाऱ्याच्या हातांना कामाला लावतात. दुसरे तुकडोजी महाराज (1909–1968). त्यांनी गावाची सामुदायिक प्रार्थना सांगितली तशी गावाची सफाईही सांगितली, आणि दोन्ही भक्तीच मानल्या. गुरुकुंज मोझरीहून निघालेली ही शिस्त मराठी मुलखात दूरवर रुजली. त्यांच्या प्रार्थनेला बसणाऱ्या माणसाला खराटा हाती घेणे कमीपणाचे वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ते त्याच देवाचे काम आहे.

म्हणून पांढुर्ण्याच्या बाबतीत कलेक्टरांच्या जमावबंदीवर फार भिस्त ठेवू नये. सरकारी हुकमाला लोक सरकारी हुकूम म्हणूनच वागवतात. गावातल्या माळकऱ्यांनी, भजनी मंडळांनी आणि चंडीमातेच्या पुजाऱ्यांनी हे काम हाती घ्यायला हवे, कारण देवाच्या नावाने चाललेली गोष्ट देवाच्या नावानेच थांबवता येते. श्रावणात दोन्ही काठांवर एकच सप्ताह धरावा, एक दिवस पांढुर्ण्यात, एक दिवस सावरगावात. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी गोटमारीचा विषय टाळू नये, नाव घेऊन बोलावे. पळस रोवायचा तर जरूर रोवावा, झेंडाही बांधावा. तो काढायला दोन्ही गावांतला एकेक वडीलधारा सोबत पात्रात उतरावा, आणि दोघांनी मिळून तो देवीच्या पायाशी न्यावा. ज्या तरुणांना देवीसाठी रक्त द्यायचेच आहे त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्याने देवळाच्या आवारातच रक्तदानाची सोय करावी. पहिल्या वर्षी दगड थांबणार नाहीत. तरीही काठावरच्या गर्दीतून गळ्यात माळ असलेले पंचवीस-तीस लोक त्या दुपारी दगड न उचलता उभे राहिले, तर दुसऱ्या वर्षी त्यांना बाकीच्यांशी बोलता येईल.